न दिलेल्या औषधाचे मोल

औषधाची किंमत वेष्टनावर छापलेली असते. औषध न देण्याची किंमत कोठेच छापलेली नसते. इंग्लंडमधील एखाद्या लहान गावातले औषधाचे दुकान डोळ्यांपुढे आणावे. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून वॉर्फरिन घेणारी एक वृद्ध स्त्री गुडघेदुखीवर आयबुप्रोफेन मागते. फार्मासिस्ट तिला दोन-तीन प्रश्न विचारतो, हातात घेतलेले पाकीट पुन्हा फळीवर ठेवतो आणि ही दोन औषधे एकत्र घेतल्यास पोटात रक्तस्राव होण्याचा धोका आहे, हे तिला शांतपणे समजावून सांगतो. ती रिकाम्या हाताने, पण सुखरूप घरी जाते. या दहा मिनिटांत त्याने आपल्या विद्येचा सर्वांत उत्तम उपयोग केला; आणि नेमक्या त्याच दहा मिनिटांत त्याच्या गल्ल्यात एक पेनीही पडली नाही.

यातून एक प्रश्न उभा राहतो. तो वरवर हिशेबाचा दिसतो, पण मुळात नीतीचा आहे. जो माणूस आपल्या नफ्याविरुद्ध जाऊन दुसऱ्याचे हित पाहतो, त्याला समाजाने त्याबद्दल काही देणे लागते काय? आणि दिलेच, तर त्याच्या चांगुलपणाचे चांगुलपण उरते काय? सार्वजनिक आरोग्यसेवेने फार्मासिस्टला कोणत्या कामाचे पैसे द्यावेत, या ब्रिटनमधील दीर्घ वादाच्या तळाशी हेच दोन प्रश्न आहेत. तो वाद परक्या देशातला असला, तरी त्यातून मिळणारा बोध केवळ त्या देशापुरता नाही.

एक जुने दुखणे

अठराव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये औषधे तयार करून विकणाऱ्याला 'अपॉथेकरी' म्हणत. रोगी तपासून उपचार सांगण्याचा अधिकार फक्त आपल्या सभासदांचा, अशी तेथील वैद्यांच्या रॉयल कॉलेजची भूमिका होती. विल्यम रोझ नावाच्या अपॉथेकरीने वैद्याच्या चिठ्ठीवाचून एका रोग्याला औषधे दिली, म्हणून कॉलेजने त्याच्यावर खटला भरला. आधी तो हरला. परंतु १७०४ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने तो निकाल फिरवला. अपॉथेकरीला सल्ला देण्याची मोकळीक मिळाली. मात्र पैसे घ्यायचे ते औषधाचे. नुसत्या सल्ल्याचे पैसे मागण्याचा हक्क त्याला पुढे शंभराहून अधिक वर्षे मिळाला नाही. परिणाम काय झाला असेल, हे सांगायला नको. ज्याला बोलण्याचे पैसे मिळत नाहीत आणि बाटलीचे मिळतात, त्याच्या प्रत्येक सल्ल्याचा शेवट बाटलीत होऊ लागतो.

अॅडम स्मिथ यांनी १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अर्थशास्त्रविषयक ग्रंथात या गोष्टीकडे मोठ्या समंजसपणाने पाहिले आहे. अपॉथेकरीचा नफा त्या काळी लोकांच्या थट्टेचा विषय झाला होता. स्मिथ म्हणतात की, ज्याला आपण नफा समजतो तो बहुतांशी नफा नसून नफ्याचा वेष घेतलेली मजुरी आहे. मोठ्या बाजारगावातील उत्तम चालणारा अपॉथेकरी वर्षभरात जी औषधे विकतो, त्यांना त्याला ३०-४० पौंडच पडत असतील. ती तो ३०० किंवा ४०० पौंडांना विकतो. परंतु त्यात त्याचे कौशल्य आहे, गरिबांचा तर तोच वैद्य आहे आणि त्याच्यावर टाकलेला विश्वास मोठा आहे. या सर्वांचा मोबदला औषधाच्या किमतीत मिसळून घेण्यावाचून त्याला दुसरा मार्गच नाही.

हे वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. समाजाने कौशल्याचे मोल उघडपणे दिले नाही, तर ते मागच्या दाराने घेतले जाते. आणि मागच्या दाराने आलेल्या पैशाबरोबर संशयही घरात येतो. रोग्याला वाटते, हा मला लुबाडतो. विक्रेत्याला वाटते, माझ्या विद्येला कोणी विचारीत नाही. दोघेही आपापल्या परीने खरे असतात.

सरकार गिऱ्हाईक होते तेव्हा

१९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने ब्रिटनमधील कामगारांना डॉक्टर आणि औषध यांची सोय मिळाली, आणि औषध देण्याचे काम सामान्यतः डॉक्टरांकडून काढून औषधविक्रेत्यांकडे सोपवण्यात आले. जो औषध लिहितो त्यानेच ते विकू नये, हा त्यामागील विचार सुज्ञपणाचा होता. पण त्याच योजनेत एक चमत्कारिक तरतूदही होती. प्रत्येक विमाधारकामागे औषधांसाठी जी रक्कम ठेवली होती, तिच्यातील सहा पेनी 'तरंगत्या' ठेवल्या होत्या. औषधांचा खर्च वाढला तर त्या औषधविक्रेत्याकडे जात. खर्च कमी राहिला तर डॉक्टरकडे. म्हणजे डॉक्टरने औषध कमी लिहावे यासाठी त्याच्या खिशालाच एक लहानसा दोरा बांधला होता. बहुतेक डॉक्टर सचोटीचेच असतील. तरी प्रश्न सचोटीचा नाही. पैशाला स्वतःचा असा एक उतार असतो, आणि पाणी कोणत्या बाजूला वाहील हे पाण्याच्या चारित्र्यावर नव्हे, तर उतारावर ठरते.

५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. रोगी आणि विक्रेता यांच्यामधला पैसा बाजूला झाला, ही तिची मोठी पुण्याई. आज इंग्लंडमध्ये चिठ्ठीवरील प्रत्येक औषधामागे शुल्क आहे; २०२४ साली ते ९ पौंड ९० पेनी ठरले. परंतु दहापैकी जवळजवळ नऊ औषधे लहान मुले, वृद्ध आणि अन्य सवलतधारक यांना विनामूल्यच दिली जातात. वेल्सने हे शुल्क २००७ साली, उत्तर आयर्लंडने २०१० साली आणि स्कॉटलंडने २०११ साली पूर्णपणे रद्द केले. इंग्लंडमध्ये जे शुल्क घेतले जाते तेही दुकानदाराचे नव्हे. तेवढी रक्कम सरकार त्याच्या बिलातून वजा करते. काउंटरवर पैसे मोजणाऱ्याला वाटते की ते समोरच्या माणसाच्या खिशात गेले. ती केवळ समजूत आहे.

मग फार्मासिस्टला मिळते काय? ढोबळ मानाने तीन गोष्टी. पहिली, सरकारी दरपत्रकाप्रमाणे औषधाची किंमत. दुसरी, प्रत्येक औषधामागे देण्याची मजुरी. ही अनेक वर्षे १ पौंड २७ पेनी होती, एप्रिल २०२५ पासून १ पौंड ४६ पेनी झाली. तिसरी, दरपत्रकापेक्षा स्वस्तात औषध विकत घेता आले तर मधला फरक. पण हा फरकही सरकारने आधीच एकूण रकमेत धरलेला असतो. तो फार वाढला तर दर खाली आणून परत घेतला जातो. उलट बाजारभाव चढले, तर सरकार काही औषधांना तात्पुरती वाढ देते; ती प्रत्यक्ष खरेदीइतकी असेलच असे नाही. तोवर फार्मासिस्टला थांबता येत नाही. चिठ्ठीवरचे औषध देणे कराराने त्याच्यावर बंधनकारक आहे, मग ते त्याला तोट्यात का पडेना.

आणि चिठ्ठीत चूक आढळली, त्याने डॉक्टरला दूरध्वनी केला, डॉक्टरने औषध रद्द केले, तर? न दिलेल्या औषधाची मजुरी नाही. १७०४ साली जेथे होतो, तेथेच आपण एका मोठ्या वळणाने येऊन पोहोचलो.

सल्ल्याची मोजदाद

ब्रिटिश सरकारच्या हे ध्यानात आले नाही असे नाही. एप्रिल २००५ मध्ये इंग्लंड आणि वेल्स येथे फार्मासिस्टांशी नवा करार झाला. त्यात औषधे देण्याच्या कामाबरोबरच एक नवी सेवा होती. फार्मासिस्टने रोग्यास शांतपणे बसवावे, तो कोणती औषधे कशी घेतो हे विचारावे, आणि त्याच्या शंका दूर कराव्यात. या संभाषणाला स्वतंत्र मोबदला होता. पुढील काळात तो प्रत्येक वेळी २८ पौंड असा होता. खर्च हाताबाहेर जाऊ नये म्हणून एका दुकानाला वर्षाला ४०० संभाषणांची मर्यादा घातली होती.

कल्पना चांगली होती. तीन शतकांनी प्रथमच सल्ल्याला उघडपणे दाम मिळत होते. परंतु काही वर्षांतच नोकरीवर असलेल्या फार्मासिस्टांकडून तक्रारी येऊ लागल्या. सरकारचे पैसे फार्मासिस्टला मिळत नव्हते. ते दुकानाच्या मालकाला मिळत होते. मोठ्या दुकानसाखळ्यांमध्ये वरिष्ठ विचारू लागले की, या आठवड्यात किती झाली? ४०० ही कमाल मर्यादा होती. तिचेच किमान लक्ष्य झाले. ज्याला गरज आहे त्याच्याशी बोलण्याऐवजी जो लवकर मोकळा करील त्याच्याशी बोलणे सोयीचे ठरू लागले. अखेर मार्च २०२१ मध्ये ही सेवा बंद झाली.

येथे घाईने दोन निष्कर्ष काढले जातात, आणि ते दोन्ही अपुरे आहेत. पहिला म्हणतो, 'पाहा, माणूस लोभीच. चांगुलपणाला पैसे लावले की तो नासतो. सल्ला हा सेवाभावानेच द्यावा.' दुसरा म्हणतो, 'मोजमाप चुकले एवढेच. अधिक काटेकोर मोजमाप लावा म्हणजे झाले.' पहिल्याला हे दिसत नाही की, ज्या सेवाभावाची तो स्तुती करतो त्याचा खर्च तो स्वतः देत नसून दुकानात उभा असलेला दुसराच कोणी देतो. दुसऱ्याला हे दिसत नाही की, संभाषणाची संख्या मोजता येते, पण त्यातील लक्ष मोजता येत नाही.

३१ जानेवारी २०२४ पासून इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या योजनेत एक पाऊल पुढे पडलेले दिसते. घसा दुखणे, कान दुखणे, नागीण, स्त्रियांमधील साधा मूत्रमार्गाचा संसर्ग अशा सात व्याधींसाठी रोगी थेट फार्मासिस्टकडे जाऊ शकतो. ठराविक लक्षणे आढळली तर त्या तपासणीचे १५ पौंड, पुढे १७ पौंड, दुकानाला मिळतात; आणि विशेष म्हणजे शेवटी प्रतिजैविक दिले किंवा 'विश्रांती घ्या, औषधाची गरज नाही' असे सांगितले, तरी मोबदला तोच. हा बारकावा मोठा मोलाचा आहे. येथे पैशाचा उतार कोणत्याच बाजूला नाही. औषध देणे आणि न देणे या दोहोंमध्ये फार्मासिस्टला निवड करायची ती फक्त रोग्याकडे पाहून. मात्र त्याच योजनेत दरमहा ठराविक संख्या गाठली तर आणखी १००० पौंड अशीही तरतूद होती. लक्ष्याचा मोह जुन्या मित्रासारखा पुन्हा दाराशी आलाच.

उतारशाळेचा रक्षक

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. याजक आणि लेवी यांच्यावर पुष्कळ प्रवचने होतात. शोमरोन्यावर तर होतातच. उतारशाळेच्या रक्षकावर सहसा कोणी बोलत नाही. वस्तुतः जखमी माणसाची शुश्रूषा पुढे त्यानेच केली. आणि लूकच्या शुभवर्तमानात हे स्पष्ट आहे की त्याला पैसे देण्यात आले. शोमरोन्याने दोन नाणी हातावर ठेवली आणि अधिक खर्च झाला तर परत येताना भरून देईन असे वचन दिले. शुश्रूषा हे पुण्यकर्म आहे, तेव्हा तुम्ही ते फुकट करा, असे तो रक्षकाला म्हणाला नाही. स्वतःची दया त्याने दुसऱ्याच्या खर्चाने केली नाही.

माझ्या मते या प्रश्नाचे मर्म येथे आहे. शोमरोन्याने दया विकत घेतली नाही. ती विकत मिळतच नाही. रक्षक रात्री किती वेळा उठला, पाणी देताना कसा बोलला, हे दोन नाण्यांत लिहिलेले नव्हते. पैशांनी एवढेच झाले की, रक्षकाला चांगले वागण्यासाठी नुकसान सोसावे लागले नाही. न्याय्य मोबदल्याचे काम एवढेच आणि इतके मोठे आहे. तो सद्गुण निर्माण करीत नाही; सद्गुणाच्या वाटेवरचा दंड तेवढा दूर करतो.

या कसोटीवर ब्रिटनचे अलीकडचे वर्तन कसे उतरते? इंग्लंडमधील औषधदुकानांसाठी २०१५-१६ साली वर्षाला २८० कोटी पौंडांची तरतूद होती. पुढील दोन वर्षांत ती कमी करण्यात आली. २०१९ च्या करारात ती दरसाल २५९ कोटी २० लाख पौंडांवर पाच वर्षांसाठी गोठवण्यात आली. या पाच वर्षांत महामारी आली. अनेक दवाखान्यांत प्रत्यक्ष भेटी कमी झाल्या, तेव्हा औषधाच्या दुकानाची दारे उघडी होती. महागाई वाढली, चिठ्ठ्या वाढल्या. रक्कम तीच राहिली. शोमरोन्याने म्हटले होते, अधिक लागले तर देईन. येथे आधीच सांगितले गेले की, कितीही लागले तरी एवढेच. दरम्यान दुकानांची संख्या सुमारे ११,८०० वरून साडेदहा हजारांच्या आसपास आली.

नोव्हेंबर २०२४ मध्ये स्वतंत्र दुकानदारांच्या राष्ट्रीय संघटनेने आपल्या इतिहासात प्रथमच सामुदायिक कृतीसाठी मतदान घेतले आणि सभासदांनी प्रचंड बहुमताने कौल दिला. कोणत्या गोष्टी थांबवायच्या होत्या, ती यादी वाचण्यासारखी आहे. घरपोच औषधे मोफत पोहोचवणे. दिवसवार कप्पे केलेल्या डब्यांत गोळ्या मोफत भरून देणे. कराराने ठरलेल्या तासांपेक्षा अधिक वेळ दुकान उघडे ठेवणे. म्हणजे या लोकांच्या हातातले शस्त्र कोणते, तर आजवर फुकट देत आलो ते यापुढे देणार नाही, हे! कामगार संप करतो तेव्हा तो आपले काम रोखतो. यांच्याजवळ रोखायला होते ते आपले दान. एखादी सार्वजनिक सेवा किती प्रमाणात कोणाच्या तरी मूक दानावर उभी आहे, हे ते दान थांबवण्याची भाषा निघाल्यावरच कळावे, ही कोणत्याही राष्ट्राला शोभणारी गोष्ट नव्हे. मार्च २०२५ च्या अखेरीस नवा करार जाहीर झाला आणि २०२५-२६ ची रक्कम ३०७ कोटी ३० लाख पौंड ठरली.

सरकारची बाजूही ऐकली पाहिजे. सरकार देते तो पैसा सरकारचा नसतो; तो करदात्यांचा असतो आणि त्यांत गरीबही असतात. औषधांवर जास्त दिलेला पौंड परिचारिकेच्या वेतनातून किंवा शाळेच्या छपरातून कमी होतो. शिवाय दुकानदार स्वखुशीने करारावर सही करतो, साबण आणि सौंदर्यप्रसाधनेही विकतो. त्याच्या नफ्याची हमी जनतेने का घ्यावी? यातील पहिला मुद्दा खरा आहे, आणि म्हणूनच घासाघीस करणे हे सरकारचे पाप नसून कर्तव्य आहे. परंतु 'स्वखुशीने सही केली' या युक्तिवादाला पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या 'रेरूम नोव्हारूम' या परिपत्रकात उत्तर देऊन ठेवले आहे. दोन पक्षांच्या संमतीहून वरचढ असा एक नैसर्गिक न्याय आहे. गरजेपोटी किंवा याहून वाईट टाळण्यासाठी दिलेली संमती ही खरी मोकळी संमती नव्हे. त्यांनी हे मजुराच्या वेतनाविषयी म्हटले आहे, दुकानदाराच्या कराराविषयी नव्हे. तरी जेथे चिठ्ठीवरील औषधांना गिऱ्हाईक जवळजवळ एकच आहे आणि ते गिऱ्हाईकच भावही ठरवते, तेथे हा विचार लागू पडतो. साबणाविषयी बोलायचे, तर जनतेच्या आरोग्याचा तोटा साबणाच्या नफ्यातून भरून काढावा, हे म्हणणे अपॉथेकरीला पुन्हा मागचे दार दाखवण्यासारखेच आहे.

आपल्या दाराशी

आपल्या देशात हा प्रश्न वेगळ्या रूपात आहे. ज्या वर्षी ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा आली, त्याच १९४८ साली भारतात फार्मसी कायदा झाला. औषध देण्याचे काम नोंदणीकृत फार्मासिस्टचे, हे तत्त्व त्याने प्रस्थापित केले. पण सल्ल्याला मोल देणारी व्यवस्था मात्र उभी राहिली नाही. किंमत-नियंत्रणाखालील औषधांवर किरकोळ विक्रेत्याला १६ टक्के वाटा २०१३ च्या आदेशाने धरलेला आहे; जनऔषधी केंद्रचालकाला २० टक्के मिळतात. टक्केवारीत एक गोम आहे. १०० रुपयांच्या औषधावर १६ रुपये मिळतात आणि १० रुपयांच्या औषधावर १ रुपया ६० पैसे. जो विक्रेता गरिबाला स्वस्त पर्याय सुचवतो, तो आपल्या हाताने आपले उत्पन्न कमी करतो. आणि जो सांगतो की, 'या तापाला प्रतिजैविक नको, डॉक्टरांना दाखवा', त्याला तर काहीच मिळत नाही. प्रतिजैविके दुकानांतून सर्रास विकली जातात, अशी तक्रार आपण करतो. तक्रार योग्यच आहे. पण उतार कोणी बांधला, हेही विचारले पाहिजे.

देशभर ख्रिस्ती संस्था रुग्णालये आणि दवाखाने चालवतात. त्यांच्या व्यवस्थापक मंडळांत बसणाऱ्यांनी हा प्रश्न परदेशी म्हणून बाजूला ठेवू नये. आपल्या औषध विभागातील फार्मासिस्टची कामगिरी आपण कशाने मोजतो? महिन्याच्या विक्रीने? तसे असेल, तर भिंतीवर कोणतेही वचन टांगले तरी त्याला मिळणारा खरा आदेश दुसराच आहे. त्याला ठरलेले पुरेसे वेतन मिळते काय, चुकीची चिठ्ठी परत पाठवण्याचा अधिकार त्याला आहे काय, आणि त्याने औषध परत फळीवर ठेवले तर त्याच्या पाठीशी कोण उभे राहील, या तीन प्रश्नांची उत्तरे हिशेबवहीत सापडतात. वार्डातील गरिबांचा खर्च औषधांच्या नफ्यातून भागत असेल, तर ती अडचण समजण्याजोगी आहे. पण ती देणगीदारांपुढे उघड मांडावी. तिचा भार काउंटरवर उभ्या असलेल्या एका माणसाच्या सदसद्विवेकबुद्धीवर गुपचूप टाकू नये.

सद्गुणाला बक्षीस द्यावे की नाही, याविषयी तत्त्वज्ञांनी पुष्कळ वाद घातला आहे. तो त्यांनी खुशाल पुढे चालवावा. सद्गुणाला दंड करू नये, एवढ्यावर मात्र दुमत असण्याचे कारण नाही. आणि सरकार असो वा संस्था, जिच्या हातात पैशाची थैली आहे तिच्या न्यायबुद्धीची सुरुवात तेथूनच व्हायला हवी.